घरचा फिल्टर

तिला सगळे क्लचबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं ओरडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? एक छोटी पांढरी गाडी, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, आणि तिच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच. एवढाच तिचा संसाराबाहेरचा संसार. लोकांच्या हातून गाडी शंभरदा बंद पडायची, फुटपाथला घासायची, गिअर कळवळून ओरडायचे. तिला त्याचा राग येत नसे. शिकणारा माणूस चुकणारच. तिला राग यायचा तो शिकलेल्यांचा.

त्या वर्षी तिच्या डोक्याला एक वेगळाच भुंगा लागला. सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून खडखडाट यायचा. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कोणी हलवावेत तसा. मग हळूच थांबायचा. आणि डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा, जो इंजिन सुरू होताच विझायला हवा, तो रेंगाळायचा.

हा दिवा ती पहिल्याच दिवशी प्रत्येकाला शिकवायची. "इंजिन सुरू झालं की हा लगेच विझला पाहिजे. नाही विझला तर गाडी तिथल्या तिथे बंद करायची. तेल नाही म्हणजे इंजिन कोरडं फिरतंय, समजलं?"

त्या वेळी तिच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर शिकायला येत. पाठ केलेलं वाक्य सोडायचं नाही, अशी त्यांची जन्माची सवय. त्यांनी किल्ली फिरवली, खडखड झाली, दिवा रेंगाळला आणि गेला. मास्तर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"चला, पहिला गिअर," ती म्हणाली.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात लगेच विझतो."

"विझला ना."

"विझला. पण लगेच नाही."

तिला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मास्तर म्हणत होते ते खरं होतं. "जुनी गाडी आहे," असं काहीतरी पुटपुटून तिनं वेळ मारून नेली. पुढचा सगळा वेळ मास्तर त्या दिव्याकडे बघत गाडी चालवत होते आणि ती मास्तरांवर चिडत होती.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वभावानं गरीब, आणि कुठल्याही भांडणातून अलगद बाजूला सरकायची त्याला कला होती.

"अगं, दिवसभर त्या इंजिनाशेजारी बसून तुझे कान तिखट झालेत," तो म्हणाला.

"दिवासुद्धा कानानं दिसतो का?"

"रविवारी भाऊ येईल ना, त्याला विचार."

भाऊ म्हणजे तिचा धाकटा दीर. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिनं स्कूल काढल्यापासून गाडीचं सगळं सामान त्याच्याकडूनच यायचं. तेल, फिल्टर, पट्टे, ब्रेकचे लायनर, सगळं घरच्या भावात. सर्व्हिसिंगच्या आधी तो पिशवी भरून पाठवायचा, ती पिशवी मिस्त्रीकडे टाकायची. इतकी सोय असताना तक्रार कशाची करायची?

दर रविवारी तो आईला भेटायला यायचा आणि जेवून जायचा. त्यानं खाली जाऊन बॉनेट उघडायला लावलं, कान तिरका करून ऐकलं, आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "वहिनी, टायमिंग चेन. ढिली झालीय. बदलून टाका, नाहीतर एक दिवस रस्त्यात इंजिनाचा भुगा होईल."

मिस्त्रीनंही ऐकलं. तो म्हणाला, "चेन असू शकते. दुसरंही असू शकतं. उघडल्याशिवाय काय सांगू?" पण चेनचं सामान दिराच्या दुकानातून आधीच निघालं होतं.

गाडी उघडी पडली. मिस्त्रीच्या शेडमध्ये तिचं इंजिन आतडी बाहेर काढल्यासारखं दिसत होतं आणि क्लचबाई घरात येरझाऱ्या घालत होती. दोन शिकाऊ समोरच्या मोठ्या स्कूलमध्ये गेले. मास्तर मात्र थांबले. "पूर्ण बरी करूनच आणा," असं त्यांनी फोनवर बजावलं. शेवटी गाडी आली, तिनं किल्ली फिरवली आणि इंजिन लोण्यासारखं सुरू झालं. दिवा लागल्या लागल्या गेला.

रविवारी दीर छाती फुगवून जेवला. "म्हटलं नव्हतं वहिनी? आमचं निदान चुकत नाही." सासूबाईंनी त्याला आग्रह करकरून वाढलं. क्लचबाईनंही मनापासून आभार मानले. त्या आभारांची पुढे तिला इतकी चीड आली की विचारू नका.

काही महिने सुखाचे गेले. मग तेल बदलायची वेळ आली. दिराची पिशवी आली, मिस्त्रीनं तेल बदललं, फिल्टर बदलला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिळ्यांचा डबा पुन्हा वाजला.

तिनं गाडी बंद केली, थोडं थांबून पुन्हा सुरू केली. तोच आवाज. तिनं स्टिअरिंगवर इतक्या जोरात हात आपटला की हॉर्न वाजला आणि समोरचा सायकलवाला दचकून पडता पडता राहिला.

दिराला फोन केला तर तो म्हणाला, "नवीन चेन आहे, बसायला वेळ लागतो."

"भाऊजी, इतके महिने बसली होती. आता काय उठली?"

"वहिनी, तुम्ही चालवायला शिकवता ना? मग चालवायचं बघा. इंजिनाचं आमच्यावर सोडा."

तिनं फोन ठेवला आणि तशीच मिस्त्रीकडे गेली. रस्ताभर एकच विचार. काल काय बदललं? तेल आणि फिल्टर. तेल तर नेहमीचंच, त्याच कंपनीचं. मग उरलं काय?

"चेनच्या वेळी फिल्टर कुठला घातला होतास?" तिनं विचारलं.

मिस्त्री गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "त्या वेळी तुमच्या पिशवीत फिल्टर आलाच नव्हता. माझ्याकडचा घातला."

"आणि काल?"

"काल तुमच्या पिशवीतला."

"म्हणजे आवाज फिल्टरचा?"

तो सरपटत बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "असू शकतो की. तुमच्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो. गाडी बंद झाली की आतलं तेल आतच राहायला पाहिजे. त्यासाठी त्याच्यात एक रबरी पडदा असतो. तो हलका असला की तेल सगळं खाली उतरतं, आणि सकाळी इंजिन क्षणभर कोरडं फिरतं. म्हणून खडखड."

क्लचबाई उसळली. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही चेनचं विचारलंत," मिस्त्री म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आठवडाभर गाडी उघडी टाकली, शिकाऊ गमावले, आणि दुखणं पाव किलोच्या डब्यात होतं! तिनं विचारलं, "तो तुझ्याकडचा कुठल्या कंपनीचा होता? तसाच दे."

"आता संपलाय. आणि कुठल्या कंपनीचा होता ते काय आठवतंय? चांगला होता एवढं खरं."

पिशवीत दिरानं पुढच्या वेळेसाठी एक जादा फिल्टर टाकला होता. कोरा करकरीत. रविवारी सकाळी तिनं तो गॅलरीत पाटावर ठेवला आणि करवतीनं कापायला बसली. लोखंडाचा कीस उडत होता, अंगावर काटा आणणारा आवाज येत होता, आणि नवरा दारात उभा राहून "हात सांभाळ" एवढंच म्हणत होता. डबा उघडला. आतल्या कागदाच्या घड्या कुठे दाट, कुठे विरळ. गोंद नुसता थापलेला. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याच्या चकत्या. आणि तो रबरी पडदा, ज्यानं तेल अडवायचं, तो कडक आणि सुरकुतलेला. बोटानं दाबला तर दबलेलाच राहिला.

जेवायच्या आधी तिनं तो कापलेला फिल्टर ताटलीत घालून दिरासमोर ठेवला.

"हे काय वहिनी?"

"तुम्ही दिलेला फिल्टर. बघा आतून."

त्यानं वरवर पाहिलं आणि हसला. "करवतीनं फाडल्यावर काय सुंदर दिसणार? हा कागद तुमच्या करवतीनं फाटलाय."

"आणि रबर? तेही करवतीनं कडक झालं?"

"जेवायच्या जागेवर ही लोखंडाची घाण कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "तो बिचारा घरचं म्हणून देतो, तर त्याचीच झडती?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाण्याचे पेले भरत होता. सगळे पेले भरलेले असतानाही भरत होता.

त्या दिवशी तिनं ठरवलं, चांगला फिल्टर आपणच शोधायचा. बोलायला सोपं होतं.

पहिल्यांदा ती गाडीच्या कंपनीच्या शोरूममध्ये गेली. काचेच्या खिडकीमागे गळ्यात ओळखपत्र घातलेला तरुण बसला होता. म्हणाला, "मॅडम, सुटा फिल्टर मिळणार नाही. गाडी आमच्याकडे सर्व्हिसिंगला लावा, आम्हीच बसवू." कधी, तर पुढच्या महिन्यात. तोवर इंजिन कोरडं फिरवू का, असं तिनं विचारलं. त्यानं अभिप्राय द्यायला एक कार्ड पुढे केलं, त्यावर हसरे चेहरे छापलेले होते.

मग बाजारातलं मोठं दुकान. काउंटरवरच्या माणसानं तिच्या हातातला कापलेला फिल्टर पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ताई, मिस्टरांना पाठवा ना. त्यांना नीट कळेल."

"मिस्टरांना गाडी येत नाही. मला येते."

"तसं नाही हो. गाडी कोणती?"

तिनं सांगितलं. त्यानं तीन डबे काढले. "हा ओरिजिनल. हा ओरिजिनलसारखाच. आणि हा चालून जाईल असा."

तिनं ओरिजिनल हातात घेतला. डब्यावरचं चकचकीत स्टिकर नखानं खरवडलं तर सालासारखं निघून आलं. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. तिनं ते त्याला दाखवलं. "प्रिंटिंग मिस्टेक," तो म्हणाला. तिनं फिल्टर उलटा करून मधल्या भोकाला तोंड लावलं आणि जोरात फुंकलं. असं करून बघतात, हे तिनं एका व्हिडिओत पाहिलं होतं. पडदा चांगला असेल तर मधून फुंकलेली हवा कडेच्या भोकांतून बाहेर पडत नाही. इथे फुर्रकन पडली. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"ताई, अहो, तोंड काय लावता! आता हा कोण घेणार?"

"हाच प्रश्न मलाही पडलाय," ती म्हणाली आणि ओठांवरचं मशीनचं तेल पुसत बाहेर पडली.

शेवटी तिनं मोबाईलवरून मागवला. वजनदार होता, फुंकून पाहिला तर हवा अडत होती, रबर मऊ होतं. तिला रडू यायचंच बाकी राहिलं. मिस्त्रीनं बसवायला घेतला तर अर्धा फेरा फिरून अडकला. आटे वेगळे. परत पाठवायला गेली तर कारण निवडा म्हणे. रंग आवडला नाही, विचार बदलला, भेट म्हणून नको होता. आटे जुळत नाहीत हे कारण त्यात कुठेच नव्हतं. तिनं "विचार बदलला" दाबलं आणि खोटं बोलायला लावल्याबद्दल त्या मोबाईललाही दोन शिव्या घातल्या.

गाडी रोज वाजतच होती. इतक्या महिन्यांनीही शिकणं पुरं झालं असं न मानणारे मास्तर रोज दिव्याकडे बघत होते आणि आता काही बोलतही नव्हते. ते न बोलणं जास्त लागत होतं.

एक दिवस दुपारी ती पुन्हा मिस्त्रीच्या शेडमध्ये गेली. तो कोणाच्या तरी गाडीचं तेल काढत होता. हात काळेकुट्ट, म्हणून फोन बाकावर ठेवून स्पीकरवर बोलत होता.

"दादा, एक ऑइल फिल्टर पाठवा. आडवा बसतो तो. आणि वरच्या फळीवरचा पाठवा हां, खालचा नको."

फोनमधून आवाज आला, "अरे, तुला खालचा कधी दिलाय का? तू परत आणून तोंडावर मारशील. खालचे घरच्यांना आणि घाईवाल्यांना."

तो हसला. मिस्त्रीही हसला. आणि मग मिस्त्रीनं मान वर करून पाहिलं तर क्लचबाई बाकाशेजारी उभी होती. आवाज तिच्या दिराचा होता.

"चेनच्या वेळचा फिल्टर भाऊजींच्या दुकानातलाच?" तिनं विचारलं.

"मी सगळं त्यांच्याकडूनच घेतो," मिस्त्री म्हणाला. आता तो कानकोंडा झाला होता. "बाई, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. घरचंच दुकान ना."

सगळं गाव पालथं घातलं, काउंटरवर फिल्टर फुंकून तमाशा केला, आणि चांगला फिल्टर होता कुठे, तर ज्याच्या पानात ती दर रविवारी वाढत होती त्याच्या वरच्या फळीवर.

ती नवऱ्याच्या दुकानात गेली. तो कसलीशी काच उजेडात धरून बघत होता. "चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"भाऊजींच्या दुकानात. आणि आज पेले भरायचे नाहीत."

त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं एप्रन काढला.

दुकानात गर्दी होती. दिरानं तिला पाहिलं. "या वहिनी, आत या ना, बाहेर काय उभ्या राहता?"

"नको. मी रांगेत आहे."

तो हसून कामाला लागला, पण त्याची नजर सारखी तिच्याकडे जात होती. तिची पाळी आली तेव्हा ती काउंटरला हात टेकून म्हणाली, "एक ऑइल फिल्टर. वरच्या फळीवरचा."

दिराचा हात हवेत थांबला. "वहिनी, आत बसून बोलू."

"बाहेरच बोलू. मी आज घरची नाही. घरच्यांना खालचा मिळतो ना?"

मागचे लोक कान टवकारून पुढे सरकले. दीर आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्रीनं सांगितलं का?"

"तुम्हीच सांगितलंत. फोनवर. मी तिथेच होते."

त्याचा चेहरा उतरला, पण लगेच ताठला. "हे बघा, दुकान आहे. गिऱ्हाईक स्वस्त मागतं, ते खाली ठेवावं लागतं. तुम्हाला घरच्या भावात द्यायचं, म्हणजे मी पदरचं घालू का? फिल्टर तो फिल्टर. गाडी बंद पडली का तुमची?"

"चांगला पूर्ण किमतीला आहे, असं एकदा बोलला असतात तर मी पूर्ण किंमत दिली असती. चेन बदलायला लावलीत, भाऊजी! चांगली चेन काढून फेकली मी!"

"चेन जुनी होतीच."

तेवढ्यात नवरा पुढे आला. "दे तिला," तो भावाला म्हणाला. "वरचा दे. आणि पूर्ण पैसे घे." आणि पुढे म्हणाला, "लहानपणीसुद्धा तू असंच करायचास. चांगलं बाहेर वाटायचं, आणि घरात उरलंसुरलं."

दीर शिडीवर चढला, वरच्या फळीवरचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. तिनं तिथेच खोक्यातून काढून पाहिला. रबर मऊ, हाताला वजनदार, आटे स्वच्छ. पैसे देऊन ती निघाली. मागून दीर म्हणाला, "आई काय म्हणेल, वहिनी?" तिनं मान वळवली नाही.

गाडीत बसल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"फिल्टरचं नाही. त्याचं माहीत होतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू एका डब्यासाठी एवढी मागे लागशील असं वाटलं नव्हतं."

"डब्यासाठी नाही!" ती ओरडली. तिनं गिअर टाकला तो इतका कर्कश की एखाद्या शिकाऊकडून झाला असता तर तिनं त्याला तिथेच उतरवलं असतं.

मिस्त्रीनं त्याच दिवशी फिल्टर बदलला. सकाळी गाडी सुरू झाली, आवाज नाही, दिवा लगेच गेला. मास्तरांनी मान हलवली आणि गिअर टाकला. त्यांच्या परीनं ती शाबासकीच होती. तिला मात्र म्हणावा तसा आनंद झाला नाही. इंजिन शांत झालं होतं, डोकं नव्हतं. सिग्नलला थांबलं की तिला ती फेकलेली चेन आठवायची आणि रविवारचं ते आभारप्रदर्शन.

दीर काही रविवार आला नाही. सासूबाई तिच्याशी लागेल तेवढंच बोलत होत्या. "भरल्या दुकानात घरच्या माणसाचा पाणउतारा केला," हे वाक्य नात्यात फिरून तिच्यापर्यंत परत आलं. तिनं खुलासा करून पाहिला. पण तेल, पडदा, आडवा बसणारा फिल्टर, हे ऐकायला कोणाला वेळ होता? लोक म्हणायचे, "जाऊ द्या हो, एवढ्याशा डब्यावरून!" मग तिनं खुलासे करणं सोडून दिलं.

पुढे दीर पुन्हा यायला लागला. जेवतो, आईशी गप्पा मारतो. क्लचबाई त्याला वाढते, हवं नको विचारते. फिल्टरचा विषय दोघंही काढत नाहीत. पिशवी पाठवणं त्यानं बंद केलंय. सर्व्हिसिंग आलं की ती त्याच्याच दुकानात जाते, रांगेत उभी राहते आणि पूर्ण पैसे मोजते. दुसरीकडे का जात नाही, असं नवऱ्यानं एकदा विचारलं.

"दुसरीकडेही खालची फळी असेलच," ती म्हणाली. "इथली निदान मला ठाऊक आहे."